फावल्या वेळातलं काम



गेल्या वर्षीच्या दशलक्षण पर्वातली एक गोष्ट आधी सांगते. उत्तम शौचाचा दिवस होता. सकाळची पूजा आटोपली आणि दुपारी फोनवर माहेरच्या बसदीतलं प्रवचन लावलं. इथे राजापुरात आपली घरं मोजकीच, त्यामुळे पर्वात माझा असा फोनवरच सत्संग चालतो. पंडितजी लोभाबद्दल समजावून सांगत होते. आणि माझ्या मांडीवर काय होतं? मोगऱ्याच्या कळ्यांचं क्रोशाचं तोरण. ते एका घरच्या गौरींसाठी द्यायचं होतं आणि गौरीपूजन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. पंडितजी लोभ सांगत होते, मी खांब मोजत होते.

सासूबाई म्हणाल्या, "आज तरी ठेव गं ती सुई."

मी म्हटलं, "आई, तारीख दिलीय."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. पण एकाशनाच्या दिवशी रात्री साडेबारापर्यंत डोळे ताणून मी ते तोरण पुरं केलं, तेव्हा उजव्या हाताचा अंगठा इतका ठणकत होता की सकाळी चहाचं पातेलं उचलवेना. हा कसला छंद, असा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

सुरुवात तुमच्यापैकी अनेकींची झाली तशीच माझीही झाली. क्रोशा आईने शिकवलेला. लग्नात माझ्या रुखवतात मीच विणलेले रुमाल आणि ताटावरची झाकणं होती. मग संसारात सुई कुठेतरी डब्यात गेली. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ती परत निघाली. दोन तोरणं केली, स्टेटसला फोटो ठेवला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "मला करून द्याल का? पैसे घ्यायचे हं." पहिले साडेचारशे रुपये हातात आले तेव्हा मी ते देवघरात ठेवले होते. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला होता. स्वतःच्या कमाईची नोट आणि नवऱ्याने दिलेली नोट, दोन्हींवर आकडा तोच असतो, पण हाताला वेगळी लागते.

नंतर ऑर्डरी वाढल्या. आणि ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्याही सुरू झाल्या. रात्री अकराला मेसेज, "ताई, शेवटचा भाव सांगा." नात्यातल्या लग्नाचं रुखवत तर "तू घरचीच" म्हणून फुकटच. सुताच्या लडी कोल्हापूरहून मागवायच्या, आणि पावसाळ्यात अणुस्कुरा घाटात दरड आली की त्या तिकडेच अडकतात. इथे अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरतं त्या दिवसांत तर पार्सल पाठवायचं नावच नको. तयार तोरणांना दमट वास लागतो तो वेगळाच. मुंबईतल्या एका दुकानाने चाळीस तोरणं 'विकली तर पैसे' या बोलीवर नेली. पाच महिन्यांनी बावीस परत आली, त्यातली निम्मी मळलेली. बाकीच्यांचे पैसे यायला आणखी दोन महिने आणि माझे नऊ फोन लागले. चूक माझी होती, लिहून काही घेतलं नव्हतं.

काही गिऱ्हाइकं रेशीम घालायला सांगतात. ते मी करत नाही, का ते तुम्हाला सांगायला नको. बाजारात रेशमी म्हणून मिळतो तो बहुतेक कृत्रिम धागाच असतो, तो चालेल का विचारते. खरंच रेशीम हवं असेल तर ऑर्डर सोडते. ते एक बरं आहे, तिथे मनाची ओढाताण होत नाही. ओढाताण होते ती बाकी सगळीकडे.

यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीने हिशोब मांडायला लावला. तीन फुटी तोरणाला १८० रुपयांचं सूत लागतं, मी घेते ४५०. उरतात २७०. विणायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर लावून बघितलं, चौदा तास. म्हणजे तासाला साधारण १९ रुपये. त्यात सुई, पिशवी, फोनवरचं बोलणं, रिक्षा काहीच धरलेलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तू याच्या कितीतरी पट देतेस." मी पटकन म्हणून गेले, "अगं, मी फावल्या वेळात करते ना."

आणि हाच शब्द मला आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आंध्रात गोदावरीच्या तोंडाशी नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मिस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला, त्यावरचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यांना काय दिसलं? हजारो बायका घरात बसून रोज सहा-आठ तास विणत होत्या. कोणी नुसती फुलं, कोणी ती जोडायची. मिळकत शेतमजुरीच्या किमान दरापेक्षाही कितीतरी कमी. आणि व्यापारी काय म्हणत? या कामगार नाहीत, घरच्या बायका आहेत, फावल्या वेळात करतात. त्या बायकाही स्वतःबद्दल तेच म्हणत. मजुरीला बाहेर न जाता घरात बसून काम करतो, यात त्यांना मानही वाटत होता. त्या मानाचीच किंमत त्या मोजत होत्या.

हे वाचलं आणि पोटात खड्डा पडला. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर होतं, पण खरा क्रोशा अजूनही यंत्रावर होत नाही. म्हणजे मोठ्या दुकानात दोनशे रुपयांना क्रोशाचं टेबलक्लॉथ दिसलं तर ते कोणा बाईच्याच बोटांनी विणलेलं असणार. आपण ते उचलून म्हणतो, "बघा, इथे किती स्वस्त, आणि ताई तुम्ही जास्त सांगता!"

पण नरसापूर लांब आहे. जवळचं सांगते, सांगायला लाज वाटते तरी. आमच्याच तालुक्यात एक बाई तोरणं विणतात. नवरा गेलेला, दोन मुलं शाळेत, हाच धंदा. त्या आठशे घ्यायच्या. आठवडा बाजारात भेट झाली तेव्हा मला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं तोरण छान असतं हो. पण गिऱ्हाईक मला तुमचा भाव सांगतं. आता मी साडेपाचशेला देते." रागाने म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी तर हसून सांगितलं आणि माझ्या पिशवीत दोन कोकमं टाकली.

मैत्रिणींनो, आपल्या अंगणात मुंगी चिरडू नये म्हणून आपण खाली बघून चालतो. आणि इथे मी हौसेपायी एका घराच्या ताटातले अडीचशे रुपये काढून घेत होते, तेही नकळत. मला त्या पैशांवर घर चालवायचं नाही, म्हणून मी कमी घेऊ शकते. ज्या बाईला चालवायचं आहे तिला माझ्या भावापर्यंत खाली यावं लागतं. स्वस्तात देणं हा चांगुलपणा आहे असं मी चार वर्षं समजत होते.

म्हणून कोणी मला सांगितलं की छंद विकूच नये, तर तेही मी मान्य करणार नाही. सावंतवाडीची गंजिफा बघा. गोल पत्ते, दशावतारी संचात १२० पत्ते, प्रत्येक हाताने रंगवलेला. खेळणारे संपले तशी कलाही संपत आली होती. सावंतवाडीच्या राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी एका जुन्या चित्रकाराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं आणि विक्रीला ठेवलं. विकलं म्हणूनच ते टिकलं. आज तो संच कोणी स्वस्त मागत नाही. चितार आळीच्या लाकडी फळांशी घासाघीस करणारा माणूसही गंजिफापुढे गप्प राहतो. का? बनवणाऱ्याने किंमत सांगताना मान खाली घातली नाही म्हणून, असं मला वाटतं.

आणि लिज्जत तर सगळ्यांना ठाऊक. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी बसल्या. भांडवल उसने ऐंशी रुपये, पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली स्टो ठेवला. (कोकणातल्या बाईला ही युक्ती वाचून हसूच येईल, आपली वाळवणं दुसरं काय करतात!) पण मला त्यांची मोठी गोष्ट वाटते ती पैशांची. घरी बसूनच लाटायचं, तेही संसार सांभाळून, पण किलोला किती मिळणार ते आधीच ठरलेलं, आणि सगळ्या बहिणींना सारखंच. तिथे शेजारणीने शेजारणीचा भाव पाडायची सोयच नाही.

तेव्हा मी त्या बाईंच्या घरी गेले. दोघींनी बसून ठरवलं, तीन फुटी तोरण नऊशेच्या खाली दोघींनीही द्यायचं नाही. नऊशेतही तासाला ५१ रुपयेच पडतात, हे लक्षात घ्या. घाईची ऑर्डर आणि मोठं रुखवत आलं तर ते त्यांच्याकडे पाठवायचं. माझी निम्मी गिऱ्हाइकं महिन्याभरात गेली. ह्यांनी विचारलं, "वाईट वाटतंय का?" वाटलं. मेसेज आला नाही की फोन उघडून बघायची सवय लागली होती, ती सुटायला वेळ लागला. लोभ पैशाचाच असतो असं नाही, "किती सुंदर, ताई!" याचाही असतो.

दुसरी एक गोष्ट मुलीने तिच्या अभ्यासातली सांगितली. १९७३ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना सांगितलं, काढलंत तर बक्षीस मिळेल. बक्षीस दिलंही. पण पुढे मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले तेव्हा याच मुलांनी त्यांना कमी हात लावला. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं ती मुलं आधीसारखीच रमली. मला माझीच आठवण झाली. चार वर्षांत मी स्वतःच्या घरासाठी एकही वस्तू विणली नव्हती. सुई हातात घेतली की पहिला विचार, हे किती तासांत होईल?

आपल्याकडे परिग्रह-परिमाण आहे. आजी सोनं, साड्या, भांडी यांची मर्यादा वहीत लिहून ठेवायची. ऑर्डरींची मर्यादा लिहायची वेळ तिच्यावर आली नव्हती. मी लिहिली, महिन्याला चार तोरणं. रात्री आठनंतर व्यवहाराचा फोन नाही. निम्मे पैसे आधी, नात्यातही. आणि भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी सुईला सुट्टी. मेसेज पाठवला तेव्हा गौरीवाल्या तिघींपैकी दोघी दुसरीकडे गेल्या. तिसरीने लिहिलं, "मग मला श्रावणातच करून द्या."

सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी स्वाध्यायाच्या पुस्तकासाठी एक वेष्टण मागितलं होतं. साधं, पांढरं, मध्ये स्वस्तिक. परवा ते काढलं. स्वस्तिक झालंय, काठाच्या दोन ओळी बाकी आहेत.