बागेत खेळायला बंदी असेल, तर बाग कशासाठी?

आपल्या नगरपालिकेच्या बागेच्या फाटकावरची पाटी सगळ्यांनी वाचली असेल. हिरवळीवर चालू नये. फुले तोडू नयेत. बॉल खेळण्यास सक्त मनाई. मग बागेत जाऊन करायचं काय? सिमेंटच्या ट्रॅकवर गोल गोल चालायचं, बाकावर बसायचं, वॉचमनची शिट्टी ऐकायची आणि घरी यायचं.

आता याच बागेच्या सुशोभीकरणाच्या दुसऱ्या टप्प्याची चर्चा सुरू आहे. कमान, कारंजं, रंगीत लाईट, सेल्फी पॉईंट. कारंज्याला माझा विरोध नाही. पहिल्या टप्प्यातलं कारंजं उद्घाटनानंतर किती दिवस उडालं, ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या यादीत खेळ कुठे आहे?

एक उदाहरण देतो. अमेरिकेतलं आहे, म्हणून लगेच नाक मुरडू नका. पुढे वाचा, मग बोलू.

माझी बहीण नॉर्थ कॅरोलिनात राहते. तिनेच तिकीट काढलं म्हणून गेल्या वर्षी तीन आठवडे तिच्याकडे जाणं झालं. घरापासून चालत दहा मिनिटांवर वस्तीतलीच एक बाग. एका संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, चल, डिस्क गोल्फ खेळू." गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? क्लबची मेंबरशिप, पांढरी टोपी, मागे बॅग धरून चालणारा माणूस. इथे त्यातलं काही नव्हतं. तिकीट नाही, फाटक नाही, रजिस्टरमध्ये सही नाही. भाच्याने माझ्या हातात एक प्लास्टिकची चकती दिली आणि सांगितलं, ती लोखंडी टोपली दिसतेय ना, तिच्यात टाकायची.

खेळ तेवढाच आहे. खांबावर एक टोपली असते, तिच्यावर गोलाकार साखळ्या लटकवलेल्या असतात. चकती साखळ्यांवर आदळली की वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. सुरुवातीच्या ओट्यावरून पहिली फेक. चकती जिथे पडेल तिथून पुढची. सगळ्यात कमी फेकींत जो टोपली गाठेल तो पुढे. खड्डा कुठेच नसतो, तरी प्रत्येक टप्प्याला 'होल'च म्हणतात. मोठ्या कोर्सवर असे १८ होल असतात. आम्ही खेळलो तो नवशिक्यांचा छोटा कोर्स होता. नऊच होल, आणि एकेक साधारण ५०-६० मीटरचा. पाऊण तासात सगळे होऊन जातात. चकतीचं वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. छोट्या अंतराला पटर नावाची एकच चकती पुरते. तिकडे ती दहा-पंधरा डॉलरला मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते.

मी कसा खेळलो हे विचारू नका. माझी चकती टोपलीपेक्षा झाडांनाच जास्त भेटली. पण पत्रकाराची सवय, खेळापेक्षा खेळणाऱ्यांकडे जास्त लक्ष. आमच्या पुढे सत्तरीचं एक जोडपं होतं. आजोबा एका हाताने काठी टेकत चालत होते आणि दुसऱ्या हाताने फेकत होते. मागे एक बाई, बाळाची ढकलगाडी घेऊन. तिच्यामागे शाळेतल्या चार मुली. आणि याच बागेच्या पायवाटेवरून लोक कुत्री फिरवत होते, बायका चालत होत्या. कोणी कोणाला हाकललं नाही. चकतीच्या टप्प्यात माणूस असेल तर फेकायचं नाही, तो जाईपर्यंत थांबायचं, हा या खेळाचा नियमच आहे. लोक थांबत होते.

मला या खेळाचा इतिहासही आवडला, कारण तो बागेतूनच सुरू होतो. एड हेड्रिक नावाचा माणूस फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होता. सरळ उडणाऱ्या फ्रिस्बीचं पेटंट त्याच्या नावावर आहे. त्याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्क या सार्वजनिक बागेत पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. तेव्हा साखळ्यांच्या टोपल्या नव्हत्या, साधे खांब रोवले होते. त्याच्याही आधी लोक झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याची कुंडी, जे दिसेल ते लक्ष्य धरून फेकायचे. साखळीची टोपली नंतर हेड्रिकनेच काढली. आज जगभरात दहा हजारांहून जास्त कोर्स आहेत. बहुतेक सार्वजनिक बागांत आहेत, आणि बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत. आइसलँड, फिनलंड, एस्टोनियासारख्या छोट्या देशांत तर गावोगावी आहेत.

आता आपल्याकडे या.

माझी मुलगी सातवीत आहे. चौथीपर्यंत ती कॉलनीत लंगडी, लगोरी, डबा ऐसपैस सगळं खेळायची. आज संध्याकाळी ती कुठे खेळते? कुठेच नाही. बागेत मनाई. शाळेचं मैदान पाच वाजता कुलूपबंद. उरलं बसस्टँडमागचं मैदान. तिथे एकाच वेळी क्रिकेटचे चार डाव चाललेले असतात आणि त्यात तेरा वर्षांच्या मुलीला जागा नाही. कोणी 'येऊ नको' म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. तुमच्या घरातही असंच असेल. क्रिकेट मलाही आवडतं, पण जिथे जिथे मोकळी जागा तिथे फक्त क्रिकेट, याचा अर्थ अर्धं गाव खेळातून बाद. मुली बाद, आया बाद, पन्नाशीपुढचे सगळेच बाद.

आणि नगरपालिका हे उपकार म्हणून करत नसते. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशी १८ कामं तिच्यात आहेत. उद्यानं, बागा, क्रीडांगणं हे त्यातलं एक. गटार आणि रस्त्यांच्याच यादीत.

जागा नाही, असं उत्तर मिळतं. जागा होती. अजूनही आहे. राज्याच्या विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एकरापेक्षा मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एका एकरामागे चार गुंठे. गेल्या वीस वर्षांत आपल्या गावाच्या चारही बाजूंनी किती लेआउट पडले ते मोजा. ते चार-चार, आठ-आठ गुंठे आज कुठे आहेत? काहींवर काँग्रेस गवत आहे. काहींवर बांधकामाची वाळू पडलीय. काहींवर रातोरात ओटा झाला, मग पत्रे आले, मग फलक लागला. देव कुठलाही असो, महापुरुष कुठलाही असो, जागा मुलांची होती.

मैदानाच्या आरक्षणाचंही तसंच. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत नगरपालिकेने आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण उठतं. मैदान गेलं. मालकाची यात चूक नाही, त्याची जमीन वर्षानुवर्षं का अडकवून ठेवायची? चूक आहे नोटीस टेबलावर ठेवून झोपणाऱ्या व्यवस्थेची.

डिस्क गोल्फची आठवण मला इथे येते. मोठं, सपाट, चौकोनी मैदान नाही म्हणून खेळ नाही, ही सबब या खेळापुढे चालत नाही. त्याला वाकडीतिकडी जागा चालते. उतार चालतो. मध्ये कडुलिंब आला तर तोडायचा नाही, त्याला वळसा घालून फेकायचं, तीच गंमत. हिरवळ लागत नाही, रोलर लागत नाही, रोज पाणी मारावं लागत नाही. आपल्या तीन एकरांच्या बागेत नऊ नाही, पण लहान अंतराचे सहा होल आरामात बसतील. कॉलनीच्या चार गुंठ्यांत कोर्स होणार नाही, हेही सांगतो. पण एक टोपली नक्की बसेल. संध्याकाळी दहा पोरं-पोरी आळीपाळीने फेकत बसतील.

खर्च? तिकडे पक्की टोपली चारशे-पाचशे डॉलरच्या घरात मिळते. सहा टोपल्यांचे अडीच लाखाच्या आसपास होतात. पण ती तिकडून आणायची गरजच काय? लोखंडी पाईप, दोन रिंगा, साखळी आणि जाळी. आपल्या स्टेशन रोडवरचा कुठलाही वेल्डर चित्र बघून करून देईल. तेही नको असेल तर रिकामे ड्रम रंगवून ठेवा. खेळ सुरू झाला तेव्हा तिकडे तरी काय होतं?

आक्षेप येणार, ते मीच मांडतो.

पहिला, नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि तुम्हाला चकत्या सुचतात. बरोबर आहे, पाणी आधी. पण बागेवरचा खर्च ठरलेलाच आहे. तो कमानीवर करायचा की खेळावर, एवढाच माझा प्रश्न आहे. कमान रद्द झाली म्हणून पाणी एक दिवस आधी आल्याचं मी तरी पाहिलं नाही.

दुसरा, साखळ्या चोरीला जातील. जाऊ शकतात. आपल्याकडे गटारावरच्या जाळ्याही जातात. म्हणून वेल्डिंग करा, खांब काँक्रीटमध्ये गाडा. आणि एक लक्षात घ्या, जिथे संध्याकाळी पन्नास माणसं असतात तिथे चोरी कमी होते. चोरी रिकाम्या बागेत होते.

तिसरा, चालणाऱ्यांना लागेल. म्हणून आखणी ट्रॅकपासून लांब, फेकीची दिशा ट्रॅकच्या उलट. ओपन जिमची यंत्रं उन्हात मधोमध बसवताना जेवढा विचार केला, त्यापेक्षा थोडा जास्त करावा लागेल.

चौथा, आपले खेळ सोडून परदेशी कशाला? मला लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू जास्त प्रिय आहेत. बागेचा एक कोपरा त्यांना द्या, मी पहिला टाळ्या वाजवीन. पण त्यांनाही 'सक्त मनाई' आहे, हे विसरू नका. भांडण देशी-परदेशीचं नाहीच. खेळू देणार की नाही, हे ठरवा.

म्हणून मुख्याधिकारी आणि आपल्या नगरसेवकांकडे माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

१. बागेच्या फाटकावरची पाटी बदला. काय करू नये याऐवजी कुठे काय खेळता येईल ते लिहा. याला निविदा लागत नाही, रंगाचा एक डबा लागतो.

२. गावातल्या सगळ्या लेआउटच्या मोकळ्या जागांची यादी सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळासह नगरपालिकेच्या दारावर लावा. मैदानाची कोणती आरक्षणं शिल्लक आहेत आणि कोणत्या जागेवर कलम १२७ची नोटीस आली आहे, तेही त्यात येऊ द्या.

३. सुशोभीकरणाच्या कामात बागेचा एक भाग खेळासाठी राखा, आणि त्यात तीन टोपल्यांचा प्रयोग सहा महिने करून बघा. चालला नाही तर काढून टाका. कारंज्यापेक्षा स्वस्तात फसेल.

आणि तुमच्याकडे एक काम. आपल्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेचा आजचा फोटो काढा, कॉलनीचं नाव लिहा आणि कमेंटमध्ये टाका. जागेवर आत्ता काय आहे तेवढंच लिहा, कोणावर आरोप नको. फोटो जमले की यादी करून पुढच्या सोमवारी अर्जासोबत नगरपालिकेत देतो. पोहोच मिळाली की तीही इथेच टाकेन.