लाखाच्या पुढे पळालेल्या गाडीचा रास्त भाव

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीवर सल्ला देणाऱ्या एका जाणकारांनी सध्या एक सूत्र चालवलं आहे. त्याच्या नादाने लोक चांगल्या गाड्या मातीमोल विकताना दिसतात, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. सूत्र सुटसुटीत आहे. त्याच साली निघालेल्या त्याच मॉडेलचा चालू भाव घ्यायचा, आणि रनिंग एक लाखाच्या पुढे असेल तर दर दहा हजार किलोमीटरमागे दहा टक्के कापायचे. कारण काय, तर लाखानंतर इंजिन संपत आलेलं असतं आणि गिऱ्हाईक मीटरपलीकडे काही बघत नाही. वर आणखी एक सल्ला: घासाघीस होणारच, तेव्हा भाव सांगताना पाव पट चढवून सांगा.

हे सूत्र चालवून बघा. दोन लाख किलोमीटरला गाडीची किंमत शून्य होते. दोन लाख दहा हजारांना काय, मालकाने पदरचे पैसे देऊन गाडी न्यायला सांगायचं? टुरिस्टला लावलेल्या, तीन लाखांच्या पुढे गेलेल्या इनोव्हा आजही शिर्डी-महाबळेश्वरच्या फेऱ्या मारतात आणि विकायला काढल्या की त्यांना गिऱ्हाईक मिळतं. जे सूत्र अशा गाडीसमोर उभंच राहू शकत नाही, ते लोकांच्या गळी का उतरवायचं?

लाखाची ही धास्ती जुनी आहे. पूर्वी बऱ्याच गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा सगळी शून्यं. त्या काळचं ऑइल, एअर फिल्टर आणि रस्ते बघता लाखाच्या आत इंजिन बोअरला काढावं लागणं नवलाचं नव्हतं. पण त्या पिढीच्या गाड्याही लाखाला थांबल्या नाहीत. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ती उतरली ती टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. तिच्या मीटरला कोणी विचारलं नाही.

कायदाही वर्षं मोजतो, किलोमीटर नव्हे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवून घ्यायची, आणि त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली. आपल्याकडे शिवाय पर्यावरण कर आहे. दिल्लीत तर डिझेल गाडीला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा, हा दंडक गाडी किती पळाली ते न बघताच आला. म्हणजे २०१२ सालची साठ हजार पळालेली गाडी आणि त्याच साली निघालेली दीड लाख पळालेली गाडी, दोघींचं आरसी बुक २०२७ लाच संपणार. जाणकारांच्या सूत्रात ह्या तारखेला जागाच नाही.

पण मला खरा राग येतो तो किलोमीटर सगळे सारखेच धरण्याचा. माझ्या ओळखीचे एक औषध कंपनीचे प्रतिनिधी आहेत, कोल्हापूरचे. त्यांची २०१४ ची डिझेल स्विफ्ट आज एक लाख सत्तर हजारांवर आहे. सगळं रनिंग सांगली, सातारा, कराड, पुणे असं, म्हणजे बहुतेक हायवेचं. सरासरी ताशी पंचावन्न धरा. इंजिन चाललं सुमारे ३,०९० तास. आता त्याच साली निघालेली, पुण्यात शाळा-ऑफिस-मंडई करणारी सत्तर हजारांची गाडी घ्या. कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, हडपसर. सरासरी ताशी अठराच्या वर जाऊन दाखवा. इंजिन चाललं जवळपास ३,८९० तास. एक लाख किलोमीटर कमी दाखवणाऱ्या गाडीचं इंजिन आठशे तास जास्त राबलंय! शिवाय दिवसातून चार वेळा थंड इंजिनाने निघायचं, ऑइल नीट तापायच्या आत बंद करायचं, सिग्नल-सिग्नलला अर्धा क्लच दाबून ठेवायचा. बीएस सहाची डिझेल गाडी असेल तर सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी धरणारा फिल्टर अशाच तुटपुंज्या फेऱ्यांनी चोंदतो. तो मोकळा व्हायला गाडी एकदा सलग पळवावी लागते. ह्या स्विफ्टमधलं एक पॉइंट तीनचं इंजिन मूळचं फियाटचं. ते मारुतीत आलं, टाटात आलं, आणि ज्यांनी वेळेवर ऑइल बदललं त्यांच्याकडे दोन-अडीच लाख सहज गेलं. किलोमीटरने झिजतं ते वेगळं: शॉकअप, बुश, व्हील बेअरिंग, टायर. ते झिजतं हे मी नाकारत नाही. पण ते सगळं बाजारात मिळतं, त्याची किंमत गॅरेजवाला कागदावर लिहून देतो, आणि ती गाडीच्या किमतीच्या सत्तर टक्के कधीच होत नाही.

ह्या सूत्राने होणारं मोठं नुकसान वेगळंच आहे. आकड्याला दंड लावला की लोक आकडा बदलतात. मीटर मागे घेऊन देणारे शहरोशहरी आहेत आणि डिजिटल मीटर आल्यापासून त्यांचं काम सोपंच झालंय. अमेरिकेत मीटर फिरवण्याविरुद्ध केंद्राचा कायदा १९७२ पासून आहे आणि विकणाऱ्याला आकडा लेखी द्यावा लागतो. आपल्याकडे नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये आकड्याचा रकानाही नाही. अशा बाजारात जो माणूस खरा एक लाख सत्तर हजारांचा आकडा तसाच ठेवतो, त्याच्यावरच हे जाणकार वार करतात, आणि ऐंशी हजारांवर आणून ठेवलेल्या गाडीला पूर्ण भाव देववतात. जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थतज्ज्ञाने १९७० साली नेमक्या जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला (त्याला पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं): खरं-खोटं ओळखता येईना की गिऱ्हाईक सगळ्यांना सारखाच पडका भाव देतं आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. ह्या सूत्राने तेच होतं आहे.

आणि मीटरपलीकडे बघायला फार अक्कल लागते असंही नाही. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलीय का, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगचं कातडं कुठे चकाकतंय, ते बघा. सकाळी गाडी पूर्ण गार असताना बोनेट उघडायला लावा, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. आतून धुराचा लोट येत असेल तर मीटर चाळीस हजार म्हणो नाहीतर चार लाख.

ह्या मंडळींशी माझा एक जुना वाद आहे: कंपनीच्या वर्कशॉपची बिलं असतील तरच गाडीला किंमत, असं ते म्हणतात. मला पटत नाही. गल्लीतल्या मेकॅनिकने तारीख आणि किलोमीटर घालून दिलेली सलग बिलं, सोबत पार्टची पावती, ही वर्कशॉपच्या तीन तुटक बिलांपेक्षा कितीतरी बोलकी असतात.

पाव पट चढवून सांगण्याबद्दल एवढंच, की तसा भाव ऐकून गंभीर गिऱ्हाईक फोनच करत नाही.

विम्याच्या आयडीव्हीचा आधार घेणाऱ्यांना सांगतो, पाच वर्षांनंतर त्याला ठरलेला तक्ताच नसतो. आणि डीलर देतो तोच खरा भाव म्हणाल, तर त्यात त्याची दुरुस्ती, त्याचा नफा आणि २०२५ पासून त्या नफ्यावर अठरा टक्के जीएसटी आहे. दोन खासगी माणसांच्या व्यवहारात तो लागत नाही.

मग भाव ठरवायचा कसा? त्या मॉडेलच्या गाड्या तुमच्या भागात गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्यक्ष कितीला गेल्या ते एजंट आणि गॅरेजवाल्यांकडून काढा. मागितलेला भाव नको, मिळालेला. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आला, तेव्हा त्याआधीचे आकडे सोडून द्या. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत गाडीला लागणारा खर्च लेखी घेऊन वजा करा. आरसी किती वर्षं उरलंय ते सांगा. आणि सगळी बिलं तारखेने लावून गिऱ्हाइकासमोर ठेवा.

कोल्हापूरच्या स्विफ्टचंच घ्या. चालू भाव तीन लाख धरू. चार टायर, क्लच सेट आणि पुढचे शॉकअप मिळून पंचेचाळीस हजार धरू. मागायचे दोन लाख पंचावन्न हजार, द्यायची तयारी दोन पंचेचाळीसला. आरसी २०२९ पर्यंत. जाणकारांच्या सूत्राने हीच गाडी नव्वद हजारांना जाते, आणि ती घेणारा एजंट पुढच्याच आठवड्यात मीटर मागे घेऊन ती पावणेतीन लाखांना विकायला काढतो.