दुबईची कमाई, परभणीचं दुकान

दुबई-सौदीत चार वर्षं कमवायचं आणि परभणीत नाहीतर जिंतूरला येऊन दुकान टाकायचं, हा बेत चांगलाच आहे. पण पैसा हुंडीने पाठवू नका. भाव थोडा जास्त मिळतो, खरंय. पण ते बेकायदेशीर आहे आणि कागद कुठेच राहत नाही. उद्या कर्ज मागायला गेलात की बँक आधी स्टेटमेंट मागते. नोकरीला बाहेर गेलात की इथलं बचत खातं एनआरओ करून घ्यावंच लागतं. तिकडची कमाई एनआरई खात्यात टाका. तुम्ही अनिवासी असेपर्यंत त्याचं व्याज करमुक्त; एनआरओच्या व्याजावर मात्र टीडीएस कापतात. आणि सगळं भावाच्या खात्यात नको बरं का! भाऊ कितीही चांगला असो, कर्ज तुम्हाला हवंय, तेव्हा व्यवहार तुमच्याच खात्यावर दिसायला हवेत. घरखर्चापुरतं त्याला पाठवा.