हात बसला, पण माप?

दहावी झाली किंवा शाळा सुटली की आपल्या मोहल्ल्यातील कितीतरी मुले एखाद्या उस्तादाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभी राहतात. चार-पाच वर्षांत हात असा बसतो की नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचे ओळखतात. तरीही मोठ्या कारखान्याच्या दारात हीच मुले हेल्पर ठरतात. भेदभाव होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण दोन उणिवा आपल्या आहेत: ड्रॉइंग वाचता येत नाही आणि हाताशी प्रमाणपत्र नसते.

गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये हिशेब सुताचा चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3 मि.मी. प्रिसिजनच्या कामात मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर जॉब पास किंवा रिजेक्ट होतो. 100 मि.मी. लांबीचा पोलादी जॉब 10 अंशांनी तापला तर जवळपास तेवढाच वाढतो. मशीनवरून गरम काढला तेव्हा मापात भरलेला जॉब थंड झाल्यावर कमी भरतो. म्हणूनच मोजमापासाठी 20 अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले आहे. हे ज्याला कळले तो कारागीर. सीएनसीवर नुसता ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारातला फरकही इथेच पडतो.

आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट कोर्स 2 वर्षांचा आहे. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते. जी मुले आधीच कामावर आहेत, त्यांना अनुभवाच्या आधारे खासगी उमेदवार म्हणून ट्रेड परीक्षा देण्याची सोय आहे. त्याची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी.

हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. चिलखताच्या कड्या मोजून-मापून जोडण्याचा आदेश त्यांना झाल्याचे सूरह सबामध्ये आले आहे. तेव्हा अचूक माप ही आपल्यासाठी केवळ नोकरीची अट नाही, ती अमानत आहे. मापात न बसलेला जॉब गुपचूप पुढे ढकलणे ही खियानतच होय.

पालकांनी मुलाला कमावता करण्याची घाई दोन वर्षे आवरावी. उस्तादांनी मायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद न ठेवता शागिर्दाच्या हातात द्यावा. हुनर आपल्याकडे आहेच. त्याला मापाची आणि कागदाची जोड मिळाली, तर आपली मुले हेल्परच्या रांगेत उभी राहणार नाहीत.