पोर किरकिरी, म्हणून आई दोषी?

चिखली तालुक्यातल्या उंद्रीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोरली मुलगी चार वर्षांची, दुसरी मुलगी तीन महिन्यांची. थोरली अगदी शहाणं बाळ होती. दूध प्यायली की झोपायची. धाकटीची तऱ्हा निराळी. भांडं वाजलं की दचकते, दुपट्याची घडी टोचली तरी टाहो फोडते, संध्याकाळी तर दोन-दोन तास रडते. “आत्याबाई म्हणतात, जशी माय तशी लेक. तू गरोदरपणी चिडचिड केलीस, तीच हिच्यात उतरली. हे चिखलीहून दमून येतात आणि रडणं ऐकून ओसरीवर जाऊन बसतात. मलाही आता तिला जवळ घ्यावंसं वाटत नाही. मी वाईट आई आहे का?”

नाही, भगिनी. शेवटच्या वाक्याकडे मात्र मी परत येणार आहे.

आधी आत्याबाईंच्या म्हणण्याचं पाहू. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पती-पत्नींनी 1956 पासून 133 मुलांची तान्हेपणापासून वर्षानुवर्षं पाहणी केली. मुलाचं काही बिनसलं की आईला धरायचं, ही तिकडचीही रीत होती. त्यांना आढळलं, की भूक, झोप, आवाज, नवा माणूस या सगळ्यांना सामोरं जाण्याची प्रत्येक बाळाची तऱ्हा पहिल्या महिन्यांतच वेगळी दिसते. शंभरातली साधारण चाळीस बाळं सोपी, दहा अवघड, पंधरा हळूहळू रुळणारी आणि उरलेली मिसळीची. एकाच आईची दोन लेकरं दोन तऱ्हेची निघतात, हे तर तुमच्याच घरात दिसतं आहे! थोरली शांत होती तेव्हा तिचं श्रेय कुणी तुम्हाला दिलं होतं का?

पण आत्याबाईंच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही, असंही मी म्हणणार नाही. आईचं मन आणि बाळाचा स्वभाव यांची देवाणघेवाण चालूच असते. बाळ रडतं, आई कावते, हात घाईचे होतात, बाळ आणखी रडतं. हे चक्र कुठून सुरू झालं ते शोधण्यात अर्थ नाही, ते थांबवायचं कसं ते पाहावं. हॉलंडमध्ये व्हान डेन बूम या बाईंनी शंभर चिडखोर बाळं निवडली आणि त्यांतल्या निम्म्या आयांना घरी जाऊन फक्त तीन भेटींत शिकवलं: बाळाची खूण ओळखा, रडं वाढण्याआधी जवळ घ्या, ते हसलं-खेळलं की तेव्हाही लक्ष द्या. 1994 साली त्यांनी निष्कर्ष छापले. त्या आया जास्त समजून वागू लागल्या आणि बाळांचं रडणंही कमी झालं.

तुम्हीही एवढं करून पाहा. दिवेलागणीच्या आधीच, रडं सुरू व्हायची वाट न पाहता, तिला छातीशी धरून अंगणात फिरवा. हाताची सवय लागेल ही भीती या वयात नको. तेल-अंघोळ रोज एकाच वेळी, एकाच हातानं. पाहुण्यांच्या मांडीवरून मांडीवर तिची वरात काढू नका. ओव्याचं पाणी, बाळगुटी, धुरी यांतलं काही नको. सहा महिने अंगावरचंच दूध, वर पाणीसुद्धा नाही. संतापून तिला कधीही गदागदा हलवायचं नाही. फारच असह्य झालं तर तिला पलंगावर नव्हे, खाली अंथरुणावर उताणं ठेवून पाच मिनिटं दाराबाहेर उभं राहावं. ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणं किंवा एकदम वेगळंच किंचाळणं असेल तर मात्र तो स्वभाव समजू नका, लगेच डॉक्टर गाठा. एरवी तान्ह्या बाळाचं रडणं दीड महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांनंतर बहुधा ओसरतं.

आता ते शेवटचं वाक्य. “जवळ घ्यावंसं वाटत नाही.” गोव्यात एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांची पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी शंभरातल्या तेवीस जणींना उदासीनतेचा आजार होता. पैशांची ओढ, नवऱ्याशी बिनसलेलं आणि मुलगी झालेली, अशा ठिकाणी तो अधिक दिसला. पुढे अशा आयांच्या बाळांची वाढही सहाव्या महिन्याला मागे पडलेली आढळली. तुमच्या घरी दुसऱ्या मुलीचं स्वागत कसं झालं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी तर्क करत नाही, पण तुम्ही स्वतःशी विचार करा. पंधरा दिवसांहून जास्त रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप नसेल, मन कशातच लागत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि औषधोपचारानं बरा होतो. आशाताईंना सांगा, किंवा 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतून बोला. पैसे पडत नाहीत. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी.

आणि यजमानांना माझा निरोप: ओसरीवर बसायचंच असेल तर लेकीला खांद्यावर घेऊन बसा. रोज संध्याकाळी अर्धा तास. आत्याबाईंनी तेवढा वेळ थोरलीला गोष्ट सांगावी आणि भगिनी, तुम्ही निवांत जेवून घ्या.

बाळाचं वजन पत्रात नाही. चौदाव्या आठवड्याच्या लसीला न्याल तेव्हा करून घ्या आणि जन्माच्या वजनासह मला कळवा.