आईचा गृहपाठ

फराळाचे ताट पुढे घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकाच्या तोंडाची चव घालवावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण चकलीचा पहिला घाणा कढईत सोडतानाच ज्यांच्या डोक्यात ‘अजून सात पाने शुद्धलेखन राहिले आहे’ हा किडा वळवळत असतो, अशा आयांपैकी मी एक आहे. तेव्हा हा विषय दिवाळीच्या अंकात नाही काढायचा, तर कुठे काढायचा?

गेल्या वर्षीची गोष्ट. धाकटा दुसरीत होता. सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी तो उड्या मारीत घरी आला, दप्तर कोपऱ्यात भिरकावले आणि थेट अंगणात गेला. विटांचे तुकडे, फाटके गोणपाट, शेजारच्या बांधकामावरची माती असा सारा सरंजाम त्याने आधीच जमवून ठेवला होता. किल्ल्याचे काम सुरू झाले. इकडे मी त्याच्या दप्तरातून ‘दिवाळीचा अभ्यास’ अशी चिठ्ठी लावलेली नवी कोरी वही काढली. पहिल्याच पानावर यादी होती : रोज एक पान शुद्धलेखन, दोन ते दहापर्यंतचे पाढे प्रत्येकी दहा वेळा, बेरीज-वजाबाकीची पन्नास उदाहरणे आणि सर्वांत शेवटी ‘मी केलेला किल्ला’ या विषयावर दहा ओळी, चित्रासह.

पोरगा किल्ल्याच्या पायथ्याशी तळे करीत होता. पाणी ओतले की मुरून जाई. पहिल्या दिवशी त्याने माती चोपली, दुसऱ्या दिवशी तळाशी प्लास्टिकचा कागद घातला, तिसऱ्या दिवशी करवंटी पुरली. पाणी राहिले! मग डोंगरउतारावर अळीव पेरले. एका अंगाला हिरवेगार उगवले, दुसऱ्या अंगाला नाही. तेव्हा मला येऊन विचारतो, “आई, तिकडं ऊन जास्त लागतं म्हणून उगवलं नाही का गं?” आणि मी काय करीत होते? दारात उभी राहून ओरडत होते, “पुरे झाला तुझा किल्ला! आत ये आणि किल्ल्यावर दहा ओळी लिही!”

ओरडून झाल्यावर माझे मलाच हसू आले, आणि हसू ओसरल्यावर लाज वाटली.

त्या दहा ओळी अखेर कुणी लिहिल्या, हे सांगायला हवे का? शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता मी सांगितल्या आणि त्याने डोळे चोळीत उतरून काढल्या. चार दिवसांनी वही परत आली, तिच्यावर तांबड्या शाईत ‘फार छान’ असा शेरा होता. माझ्या कादंबऱ्यांवर इतका निःसंदिग्ध अभिप्राय आजवर कुणीही दिलेला नाही!

विनोद बाजूला ठेवू. माझे म्हणणे असे आहे की लहान मुलांना म्हणून जो गृहपाठ दिला जातो, तो वस्तुतः त्यांच्या आयांना दिलेला असतो. मुलाचे नाव वहीवर घालायचे एवढेच. रात्री नऊ वाजता फोनवर निरोप येतो की उद्या प्रत्येकाने पाच प्रकारची पाने चिकटवून आणावीत. सहा वर्षांचे मूल रात्री नऊ वाजता पाने तोडायला जात नाही, आई जाते, हातात विजेरी घेऊन. पवनचक्कीची प्रतिकृती करा, असे सांगितले की आई चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात जाते. तिथे ती प्रतिकृती तयारच विकत मिळते, कारण दुकानदाराला आमच्या शाळांचे वेळापत्रक आमच्यापेक्षा चांगले पाठ असते. बाप या व्यवहारात फक्त सहीपुरता असतो, आणि पुष्कळदा तीही आईच करते. मूल चुकले तर शेजारीण विचारते, “तुम्ही त्याचा अभ्यास घेत नाही वाटतं?” हा प्रश्न बापाला विचारलेला मी अद्याप ऐकलेला नाही.

कुणी म्हणेल, ही बाई स्वतःला त्रास होतो म्हणून रडते आहे. तसे नाही. माझे निभावते. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. पुढे जमले नाही, पण लिहिता-वाचता येते आणि दुसरीचे गणित सुटते. जिचे निभत नाही, तिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले आहे. आणि तिच्या बाबतीत मी फिर्यादी नाही, आरोपी आहे.

गेली काही वर्षे मी शिशुवर्गाला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. चुणचुणीत, पण त्याची वही कायम अपुरी. घरी दिलेले काम कधी म्हणून पुरे करून आणायचा नाही. मी एकदा रागाने त्याच्या रोजनिशीत लिहिले : ‘अभ्यास अपूर्ण. पालकांनी घरी लक्ष द्यावे.’ खाली तारीख, सही. मोठे कर्तव्य पार पाडल्याच्या थाटात मी ती वही मिटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी त्याची आई दारात उभी. ती मंडईत भाजी विकते. पहाटे चारला माल आणायला जाते. वही पदराखाली धरली होती. म्हणाली, “बाई, दुकानदाराकडनं वाचून घेतलं. लक्ष देते हो मी. रोज दप्तर भरते, वह्यांना कव्हरं घालते, डबा देते, एक दिवस खाडा करू देत नाही. आतलं वाचता येत नाही, तेवढंच राहतं. पण ते तुम्ही शिकवाल म्हणूनच तर शाळेत घातला ना?”

मी काय उत्तर देणार? तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती खरोखरच विचारीत होती. मी “बरं, बघते” एवढेच पुटपुटले. ती गेली, आणि मला आठवले की ती चिठ्ठी त्या दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचली असेल.

वाचकहो, त्या बाईच्या प्रश्नात शाळा या संस्थेची सगळी व्याख्या आहे. शाळा निघाल्या कशासाठी? ज्या घरात अक्षर नाही, त्या घरातल्या मुलालाही अक्षर मिळावे म्हणून. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाई मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा त्या मुलींपैकी कितीजणींच्या आयांना वाचता येत असेल? शिकलेली आई ही त्या शाळेच्या प्रवेशाची अट असती, तर शाळा पहिल्याच दिवशी बंद करावी लागली असती. आईला येत नाही ते शाळा देईल, हा त्या धाडसाचा अर्थ होता. आज आम्ही आईला येते तेवढेच मुलाला येऊ देतो, आणि वर आईलाच बोल लावतो.

दुसरा दाखला घेऊ. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि गावातल्या मुलांसाठी त्यांनी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा शेरा मारून ताराबाईंना स्वस्थ बसता आले असते. त्यांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालण्यापासून सारे तिथेच झाले. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आला, जो पुढे १९७५ पासून साऱ्या देशाच्या तोंडी बसला. १९५७ नंतर त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारल्यांची मुले गुरे राखायला जात. शाळेच्या वेळा पाळणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा शाळाच गुरांच्या मागे कुरणात गेली, आणि तिला नाव पडले कुरणशाळा. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने चालत जायचे, हा या दोघींचा धडा. आम्ही तो उलटा गिरवला. आता शाळा आपल्या जागी बसून राहते आणि आपले काम मुलाच्या पाठीवर बांधून घरी धाडते.

‘पण गृहपाठाशिवाय शिक्षण होईल कसे?’ हा प्रश्न मला शिक्षकांच्या खोलीतही विचारला जातो, आणि असा विचारला जातो की जणू गृहपाठ वेदांत सांगितला आहे. प्रत्यक्षात जाणत्यांनी आणि सरकारनेही याच्या उलट सांगून ठेवले आहे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली अहवाल दिला. प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको. मुलाने फार तर घराच्या आसपास काही धुंडाळावे, पाहावे, असे त्यात म्हटले होते. धुंडाळावे, पाहावे! म्हणजे आमच्या धाकट्याचे तळे आणि अळीव. २०१८ साली केंद्र सरकारने पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, असे परिपत्रक काढले. दप्तराविषयीच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तेच पुन्हा सांगितले, आणि तिसरी ते पाचवीला सबंध आठवड्यात दोन तासांहून अधिक गृहपाठ नको, असे म्हटले. आठवड्यात दोन तास! आमच्याकडे तेवढा एका रात्रीत होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तर शिक्षकाची कर्तव्ये मोजून दिली आहेत. प्रत्येक मुलाची कुवत पाहून त्याला लागेल ते जादा शिकवणे हे त्यांतले एक. ते काम कायद्याने शिक्षकाकडे सोपवले आहे. आईच्या नावाने ती नोंद कुठेही नाही. म्हणजे मी त्या वहीत जी चिठ्ठी लिहिली, ती खरे तर माझ्याच नावाने लिहायला हवी होती.

माझ्या व्यवसायभगिनी इथे माझ्यावर रागावतील. म्हणतील, वर्गात चाळीस मुले, त्यात माहिती भरा, याद्या करा, समारंभ करा. शिकवायला वेळ उरतो कुठे? हे खरे आहे, आणि त्याबद्दल भांडायलाच हवे. पण ते भांडण वरच्यांशी आहे. वरच्यांनी आमच्या डोक्यावर टाकलेले ओझे आम्ही खाली, मंडईतल्या बाईच्या पाटीत सरकवावे, हा कुठला न्याय? तिला ते पुढे सरकवायला कुणी नाही. फार तर तिचे मूल आहे, आणि ते अखेर त्याच्याच पाठीवर बसते. एखाद्या मुलाच्या पाठीवर धपाटा रूपानेही बसते.

दुसरा आक्षेप पालकांचाच असतो. ‘गृहपाठ दिला नाही तर शाळा काही शिकवते आहे हे आम्हांला कळायचे कसे?’ खरे दुखणे हे आहे. फी भरली, तिची पावती म्हणून भरलेली वही हवी. साडेतीन वर्षांच्या पोराच्या बोटांत पेन्सिल नीट धरण्याचे बळ आलेले नसते. तरी त्याने ‘अ’ची दोन पाने गिरवली की आईबापांना वाटते, पैसे सार्थकी लागले. भगिनींनो, मलाही हेच वाटत होते, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे. थोरल्या मुलीच्या वेळी तर मी रोज दोन पाने जादा लिहून घेत असे. आज ती दहावीत आहे. गोष्टीचे पुस्तक ती आपण होऊन हातात घेत नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या आईची मुलगी! पुस्तक दिसले की तिला आधी गृहपाठ आठवतो. ते पाप कुणाच्या माथी मारू?

मग आईने काहीच करायचे नाही का? करायचे की! ती करतेच आहे. भाकरी थापता थापता गोष्ट सांगते, जात्यावरच्या ओव्या जिच्या आजीला येत होत्या ती त्यांतल्या चार म्हणून दाखवते. भाजीवाली आपल्या पोराला पावशेर-अर्धा किलोचा हिशेब शिकवते, आणि तो आमच्या फळ्यावरच्या हिशेबापेक्षा पक्का असतो. साने गुरुजींच्या श्यामच्या आईने श्यामच्या वह्या पुऱ्या करून दिल्या होत्या का? घरात शिकण्यासारखे फार आहे. शाळेने घराला शाळेची शाखा करू नये, एवढीच माझी मागणी आहे.

नुसते लिहून गप्प बसणे मला शोभणार नाही. म्हणून यंदा माझ्या वर्गाला मी दिवाळीचा अभ्यास दिला नाही. तीन आयांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. त्यांच्यापुढे मला उभे राहावे लागले, आणि पुढे काय होईल ते सुट्टीनंतर कळेल. मुलांना मी एवढेच सांगितले, “किल्ला करा, आणि शाळेत आलात की त्याची गोष्ट मला तोंडी सांगा.”

तो भाजीवालीचा मुलगा आता पहिलीत गेला आहे. परवा मंडईत दिसला. आईच्या पाटीशेजारी रिकाम्या खोक्यावर बटाटे रचून त्याने बुरूज केले होते आणि दोन मिरच्यांचे मावळे पहाऱ्याला उभे होते. मी विचारले, “काय रे, दिवाळीचा अभ्यास दिलाय का?” त्याचा चेहरा पडला. “वीस पानं,” तो म्हणाला. आईने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही.

मी त्या वीस पानांची वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले : ‘या मुलाची आई आपले काम चोख करते. हे काम शाळेचे आहे, ते शाळेत करून घ्यावे.’ खाली तारीख घातली, सही केली. या वेळी चिठ्ठी तिला मीच वाचून दाखवली.