आवलीच्या वाट्याचे एपिसोड

मराठी मालिकेत माणसाचे मन आजारी पडते ते बहुतेक वेळा कथानकाची सोय म्हणून. खलनायिकेची कारस्थाने उघडी पडली की तिला भ्रमिष्ट ठरवून मनोरुग्णालयात धाडले जाते. नायक-नायिकेचा संसार मार्गी लागला आणि सांगण्यासारखे काही उरले नाही की कुणाच्या तरी डोक्याला मार लागतो आणि स्मृती जाते. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीची अशीच गेली होती, आणि नवऱ्याला, श्रीला न ओळखणारी जान्हवी पाहून घरोघरच्या प्रेक्षकांचा जीव तुटला होता. तो जीव तुटणे खरे होते. आजार मात्र खरा नव्हता. प्रोमोपुरता तो आला, त्याने पुढच्या ट्रॅकला जागा करून दिली आणि गेला. गोळ्या कोण आणून देते, त्यांनी सुस्ती येते म्हणून त्या परस्पर बंद कशा होतात, सहा महिन्यांनी सगळे पुन्हा पहिल्यासारखे कसे होते, याचे एपिसोड कुणी लिहीत नाही.

वाईट याचे वाटते की या विषयाला रोजच्या मालिकेइतके योग्य माध्यम दुसरे नाही. चित्रपटाला दोन-अडीच तासांत सारे उरकावे लागते. मनाचा आजार वर्षानुवर्षे घरात वस्तीला असतो, आणि मालिकाही वर्षानुवर्षे घरात असते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी पाच वर्षे चालली. पंचवीस वर्षांचा संसार मोडलेली अरुंधती हळूहळू स्वतःच्या पायांवर उभी राहताना बायकांनी रोज पाहिली आणि तिच्याशी आपले आयुष्य ताडून पाहिले. एवढा अवकाश हाताशी असताना नैराश्य, स्किझोफ्रेनिया, व्यसन यांच्या वाट्याला चार दिवसांची खळबळ यावी, हे पटत नाही.

हे आपल्याला जमणारच नाही असे मानायचेही कारण नाही. ‘हम लोग’ दूरदर्शनवर जुलै १९८४ मध्ये आली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिका वापरण्याची जी रीत बसवली होती, तिच्यावरून ही मालिका बेतली होती. दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम आणि त्याचे ओढग्रस्त घर आठवड्यामागून आठवडे लोकांनी पाहिले. भाग संपला की अशोक कुमार पडद्यावर येत आणि घरातल्या वडीलधाऱ्यासारखे प्रेक्षकांशी बोलत. आज त्याच शेवटच्या अर्ध्या मिनिटात उद्याच्या भागाची झलक असते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते. तो किती मालिकांच्या शेवटी पाहिल्याचे आठवते?

ब्रिटनमध्ये ‘ईस्टएंडर्स’ ही बीबीसीची मालिका १९८५ पासून चालू आहे. तिच्यातली स्टेसी स्लेटर प्रेक्षकांना प्रथम दिसली ती आजारी आईची काळजी घेता घेता चिडखोर झालेली तरुण मुलगी म्हणून. आई जीनला बायपोलर विकार होता. २००९ मध्ये तोच विकार स्टेसीलाही असल्याचे निदान झाले. पुढे २०१५ च्या अखेरीस बाळंतपणानंतर तिचे वास्तवाचे भान सुटले, तेही मालिकेने दाखवले. हे लेखन ‘माइंड’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा सल्ला घेऊन झाले होते. महत्त्वाचे हे की पात्रे तीच राहिली. आजार दाखवून झाला म्हणून स्टेसी मालिकेतून नाहीशी झाली नाही. ती भांडते, प्रेमात पडते, चुकते, आणि आजारही तिच्याबरोबर असतो. जीन तर आता आजी आहे.

आपल्याकडे अशी गोष्ट परदेशातून आणायची गरज नाही. ती देहूत घडून गेली आहे.

तुकोबांचे चरित्र आपण इतक्या भक्तिभावाने ऐकतो की त्यातला माणसाचा भाग कानांवरून निसटून जातो. खाऊनपिऊन सुखी महाजनाचे घर. सतराव्या वर्षाच्या आसपास आईबाप गेले, वहिनी गेली, थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन घरातून निघून गेला. मग १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. त्यात गुरे गेली, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, दम्याने खंगलेली पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगांतून या काळातली लाज, लोकांसमोर उभे राहण्याचा संकोच, जिवाचा आलेला वीट सांगून ठेवला आहे. ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले आणि धाकट्या कान्होबाला त्यांना शोधत फिरावे लागले. तुकोबांना कुठल्या आजाराचे नाव चिकटवायचा येथे हेतू नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण एवढे खरे की त्या माणसाने आपल्या मनाची पडझड लपवली नाही. आपण मात्र त्या पडझडीला घाईघाईने वैराग्य म्हणतो आणि थेट तरलेल्या गाथेपाशी येऊन थांबतो.

आणि त्यांची दुसरी बायको आवली? तिचे नाव निघाले की कजाग, तोंडाळ बाई डोळ्यांपुढे येते. पुण्याच्या गुळवे सावकाराची ही मुलगी. नवऱ्याचा धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून दिल्याची कथा महीपतींनी लिहिलेल्या चरित्रात आहे. घरात पोरे उपाशी, नवरा डोंगरावर, आणि ही भाकरी बांधून त्याला शोधत चढण चढते. भंडारा डोंगराच्या वाटेवर तिच्या पायात काटा मोडला आणि विठोबाने तो काढला, ही कथा देहूत लहान पोरही सांगेल. काटा का मोडला, तर ती रोज अनवाणी तो डोंगर चढत होती म्हणून. मनाने दूर गेलेल्या माणसाला रोज जेवू घालणे, त्याच्यावर ओरडणे, ओरडल्याबद्दल मनात कष्टी होणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी बांधणे, हे काम आज ज्या घरांत चालते तिथल्या बाईला आवली लगेच कळेल. तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. त्या गर्भातला मुलगा नारायण. पुढे पालखी सोहळा सुरू केला तो त्यानेच.

पडद्याने आवलीला काय दिले? प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये गौरीबाईंनी रंगवलेली जिजाई, म्हणजे आवलीच, अजून अंगावर येते, कारण तिच्या संतापात भूक आहे. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या २०१२ च्या ‘तुकाराम’ने दुष्काळ आणि रखमाचा मृत्यू टाळला नाही, जितेंद्र जोशींचा तुकाराम आधी खचलेला माणूस आहे, संत नंतर. या दोन्ही चित्रपटांना वेळ मर्यादित होता. ‘तू माझा सांगाती’ ही मालिका मात्र जुलै २०१४ मध्ये ई-टीव्ही मराठीवर सुरू झाली, वाहिनीचे नाव बदलून कलर्स मराठी झाले तरी चालू राहिली, आणि चिन्मय मांडलेकर काही वर्षे रोज संध्याकाळी तुकोबा होऊन घरोघर आले. त्या वेळात खरे काम होते आवलीचे. संतचरित्राची मालिका चमत्कारांच्या आणि छळाच्या प्रसंगांवर तगते हे मान्य. तरी वाटते की एवढ्या मोठ्या मुक्कामात, खचलेल्या माणसाच्या शेजारी राहणे म्हणजे काय, हे मराठी घरांना समजावून सांगायची संधी होती. तशी संधी लवकर पुन्हा येणार नाही.

भामचंद्राच्या पायथ्याशी आता चाकण एमआयडीसीचे कारखाने आहेत. तळवडे, भोसरी, चाकणच्या पाळ्या करणारी माणसे देहू-आळंदीच्या परिसरात भाड्याच्या खोल्यांत राहतात. रात्रपाळीने झोप मोडते, ठेकेदाराचे काम आज आहे तर उद्या नाही, हप्ते थांबत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द देहूत एका तरुण कीर्तनकाराने स्वतःचे आयुष्य संपवले. बातम्यांनी दोन दिवसांत कर्ज हे कारण पक्के केले आणि विषय मिटवला. कर्जाचे ओझे खरेच असते. पण माणूस त्या टोकाला जातो तो एका कारणाने जात नाही. त्या वाटेवर त्याला कुणाशी बोलता आले असते का, हा प्रश्न बातमीत मावत नाही. मालिकेत मावतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहापेक्षा थोड्या अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतल्या, विकारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. डॉक्टरांच्या दारात न गेलेली ही माणसे आणि त्यांच्या घरचे रात्री आठ वाजता टीव्हीपुढे असतात. त्यांना तिथे काय दिसते? हातपाय धरून, पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला दिलेले विजेचे झटके. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ९५ व्या कलमाने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास बंदी घातली आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यासही. म्हणजे ते दृश्य खरे धरले तर डॉक्टरवर गुन्हा दाखल व्हावा. ते पाहून घाबरलेली आई मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याआधी दहा वेळा विचार करते, आणि त्या विचारात वर्ष जाते. याच कायद्याच्या ३० व्या कलमाने दूरचित्रवाणीसह सर्व माध्यमांतून या कायद्याची माहिती लोकांपर्यंत नेण्याचे काम सरकारवर सोपवले आहे. ते झाल्याचे दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना अपंग व्यक्तींच्या पडद्यावरील चित्रणाबाबत तत्त्वे घालून दिली. हिणवणारे शब्द नकोत, अपुऱ्या माहितीवर चित्रण नको, आणि ज्यांच्याविषयी दाखवता त्यांना सोबत घ्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, त्यामुळे मालिकांच्या लेखकांनी हा निकाल आपल्यासाठीही आहे असे समजायला हवे. आत्महत्येचे चित्रण कसे करावे, काय दाखवू नये, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीच्या लोकांसाठी स्वतंत्र पुस्तिकाच काढली आहे.

रोज एपिसोड उभा करायचा, तयार भागांची बँक संपत आली, वाहिनीकडून रात्री निरोप येतो की ट्रॅक बदला, अशा तारांबळीत लेखकाने अभ्यास कधी करायचा, असे या क्षेत्रातले लोक म्हणतात. अडचण खरी आहे आणि ती लेखकाची नाही, वाहिनीची आहे. सल्लागार नेमणे आणि आजाराचा ट्रॅक अर्ध्यावर न तोडण्याचे आधी कबूल करणे, हे वाहिनीच्या हातात आहे. कपडेपटावर आणि सेटच्या फुलांवर जो खर्च होतो त्याच्या तुलनेत मानसोपचारतज्ज्ञाचा मोबदला किरकोळ ठरेल.

‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट २००४ चा. अतुल कुलकर्णींचा स्किझोफ्रेनिया असलेला शेष जितका लक्षात राहतो, तितकीच सोनाली कुलकर्णींची सीना, त्याची बहीण. भावाला आपल्या घरी आणणारी, संसार आणि तो यांत फाटत जाणारी, थकणारी. त्या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. ते कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि घरी त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यातूनच त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आजारासोबत राहिलेल्या माणसाचा हात मागे असला की पात्र कसे उभे राहते, याचा हा मराठीतला पुरावा आहे.

ती संस्था देहूपासून फार लांब नाही. रुग्ण आणि त्यांच्या घरचे लोक तिथल्या स्वमदत गटांत एकमेकांशी बोलतात. पुढची मालिका लिहायला बसण्याआधी एखाद्या वाहिनीने आपल्या लेखकांना, संस्थेची आणि त्या लोकांची परवानगी घेऊन, महिनाभर तिथे नुसते ऐकायला पाठवावे, आणि त्या महिन्याचा पगार द्यावा.